गतिशीलता विदा डॅशबोर्ड

गतिशीलता विदा डॅशबोर्ड म्हणजे माणसे, वाहने किंवा माल यांच्या हालचालींच्या असंख्य नोंदी एकत्र करून त्या नकाशे, आलेख आणि आकडे यांच्या रूपाने एकाच पडद्यावर मांडणारी संगणकीय रचना होय. टॅक्सीच्या फेऱ्या, बसचे क्षणाक्षणाचे स्थान, मेट्रोच्या दारांवर टेकवलेली कार्डे, मोबाइल फोनचा मनोऱ्यांशी होणारा संपर्क, भाड्याच्या सायकली अशा अनेक स्रोतांतून ही विदा, म्हणजेच डेटा, जमा होते. वाहतूक नियोजन, बसमार्गांची आखणी, आपत्ती व्यवस्थापन, साथरोगांचा अभ्यास आणि पत्रकारिता या क्षेत्रांत अशा डॅशबोर्डांचा वापर होतो.

अशा डॅशबोर्डाच्या रचनेत रंग किंवा आलेखाचा प्रकार हा प्रश्न दुय्यम असतो. कोट्यवधी नोंदी जशाच्या तशा दाखवणे अशक्य असल्याने त्या कशा एकत्र करायच्या, म्हणजे किती मोठ्या क्षेत्रात, किती वेळाच्या टप्प्यात आणि कशाच्या तुलनेत मोजायच्या, हा मुख्य निर्णय असतो. नकाशा वाचता येतो की नाही, तो खरे सांगतो की नाही आणि त्यातून एखाद्या प्रवाशाची ओळख उघडी पडते की नाही, या तिन्ही गोष्टी त्या निर्णयावर अवलंबून राहतात.

संज्ञा

'डॅशबोर्ड' हा शब्द मूळचा घोडागाडीचा. घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून गाडीवानापुढे लावलेल्या फळीला इंग्रजीत हे नाव होते. पुढे मोटारगाडीत त्या जागी वेगमापक आणि इंधनमापक आले व तेथून शब्द संगणकाच्या पडद्यावर पोहोचला.

गतिशीलता डॅशबोर्डांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. नियंत्रण कक्षातील डॅशबोर्ड 'आत्ता काय चालले आहे' हे सांगतो; कोणती बस थांबून राहिली, कोणत्या स्थानकात गर्दी तुंबली, हे त्यात क्षणार्धात दिसावे लागते. नियोजनासाठीचा डॅशबोर्ड महिन्यांचा किंवा वर्षांचा आकृतिबंध दाखवतो आणि वापरणाऱ्याने त्यात शोध घ्यावा अशी अपेक्षा असते. दोन्ही कामे एकाच पडद्यावर लादली तर बहुधा एकही धड होत नाही.

इतिहास

हालचालींचे चित्रण संगणकाहून बरेच जुने आहे. आयर्लंडमधील नियोजित रेल्वेमार्गांच्या अभ्यासासाठी हेन्री ड्रूरी हार्नेस यांनी १८३७ मध्ये प्रवासी व माल यांचे प्रमाण पट्ट्यांच्या रुंदीने दाखवणारे नकाशे तयार केले. फ्रेंच अभियंते चार्ल्स जोसेफ मिनार यांनी हे तंत्र परिपक्व केले. त्यांच्या १८४५ च्या नकाशात दिजों ते म्युलूझ या नियोजित रेल्वेमार्गाच्या परिसरातील रस्त्यांवर घोडागाड्यांतून किती प्रवासी जातात ते दाखवले होते. लोहमार्ग कोठून न्यावा हा प्रश्न तेव्हा चर्चेत होता. आजचे नियोजन डॅशबोर्ड ज्या प्रकारच्या निर्णयांना आधार देतात, त्याच प्रकारचा तो निर्णय होता.

मिनार यांचा सर्वांत प्रसिद्ध नकाशा १८६९ चा आहे. नेपोलियनच्या १८१२ मधील रशियावरील स्वारीचे चित्रण त्यात असून पट्टीची १ मिलिमीटर रुंदी १०,००० सैनिक दर्शवते. नीमन नदीपाशी ४,२२,००० सैनिकांची असलेली पट्टी मॉस्कोजवळ १,००,००० वर येते आणि परतीच्या वाटेवर शेवटी १०,००० ची बारीक रेघ उरते. मिनार प्रवाहाच्या स्पष्टतेसाठी भूगोलाला वाकवत असत. जाड पट्ट्यांना जागा मिळावी म्हणून कापसाच्या व्यापाराच्या नकाशांत त्यांनी सामुद्रधुन्या मुद्दाम रुंद काढल्या. आजची तयार नकाशा-सॉफ्टवेअरे ही मोकळीक सहसा देत नाहीत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांच्या आलेखपद्धतीवरील ग्रंथामुळे रेल्वे वेळापत्रकाचा एक आलेख सर्वज्ञात झाला. ईब्री नावाच्या अभियंत्याच्या पद्धतीने काढलेल्या त्या आलेखात आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर पॅरिस ते लिआँ मार्गावरील स्थानके अंतराच्या प्रमाणात मांडली होती. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. रेघ जितकी उभी तितका वेग अधिक. रेघ आडवी झाली की गाडी थांबलेली. दोन रेघा छेदल्या की गाड्यांची भेट. भारतीय रेल्वेच्या नियंत्रण कक्षांत गाड्यांची नोंद याच तत्त्वाच्या आलेखावर ठेवली जाते.

स्वीडिश भूगोलतज्ज्ञ टॉर्स्टन हेगरस्ट्रांड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या काल-भूगोलाच्या कल्पनेने नकाशाचे प्रतल आणि त्यावर उभा काळाचा अक्ष अशी त्रिमिती चौकट दिली. माणसाचा दिवस त्या चौकटीतली एक वळणे घेत चढत जाणारी रेघ ठरतो. ही कल्पना विचाराला अतिशय उपयोगी असली, तरी शेकडो रेघा एकत्र काढल्या की पडद्यावर ती वाचता येत नाही.

विदेचे स्रोत

प्रत्येक स्रोत प्रवासाचा वेगळा तुकडा पाहतो. मेट्रोत प्रवासी आत जाताना आणि बाहेर पडताना कार्ड टेकवतो, म्हणून उगम आणि गंतव्य दोन्ही कळतात. लंडनच्या बसमध्ये केवळ चढताना कार्ड टेकवावे लागते. प्रवासी कोठे उतरला हे त्याने पुढचे कार्ड कोठे टेकवले यावरून अनुमानाने ठरवतात. मोबाइल कंपन्यांच्या जुन्या पद्धतीच्या नोंदींत फोन वापरला गेला त्या क्षणीचा मनोरा तेवढा दिसतो आणि ग्रामीण भागात एका मनोऱ्याचे क्षेत्र अनेक किलोमीटरचे असू शकते. जीपीएस उपकरण मोकळ्या जागी काही मीटरपर्यंत अचूक असते, परंतु उंच इमारतींमध्ये संकेत परावर्तित झाल्याने गाडी शेजारच्या रस्त्यावर किंवा चक्क नदीत दिसू शकते. अशा बिंदूंची रस्त्यांच्या जाळ्याशी जुळवणी करावी लागते. ज्या नोंदींत स्थान मिळालेच नाही त्यांत अक्षांश आणि रेखांश दोन्ही शून्य भरलेले असतात आणि नकाशावर त्या आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात जाऊन पडतात.

बसच्या वेळापत्रकांसाठी जीटीएफएस हा सामायिक साचा २००५ च्या सुमारास अमेरिकेतील पोर्टलंडची वाहतूक संस्था ट्रायमेट आणि गूगल यांच्या सहकार्यातून पुढे आला. तो नियोजित सेवा सांगतो; बसमध्ये कोणी बसले होते का, हे सांगत नाही. सेवा आणि प्रवास यांतला हा भेद डॅशबोर्डांत वारंवार पुसला जातो.

न्यूयॉर्कच्या टॅक्सी नोंदी

न्यूयॉर्क शहराच्या टॅक्सी आणि लिमोझिन आयोगाकडील नोंदी हे या विषयातील सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण होय. प्रत्येक पिवळ्या टॅक्सीच्या फेरीची सुरुवात, शेवट, वेळ, अंतर, भाडे आणि कार्डाने दिलेली टिप त्यात नोंदलेली असते. या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी अशा फेऱ्या दिवसाला सरासरी ५ लाखांच्या आसपास होत्या.

२०१३ मध्ये निवान फेरेरा, जुलियाना फ्रेरे, क्लाउडिओ सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदींसाठी टॅक्सीव्हिस ही दृश्यप्रणाली प्रसिद्ध केली. वापरणाऱ्याने नकाशावर एखादा भाग रेखाटायचा, वेळेचा पट्टा निवडायचा आणि तेथून निघालेल्या किंवा तेथे पोहोचलेल्या फेऱ्या पाहायच्या, अशी तिची पद्धत आहे. प्रश्न लिहून विचारण्याऐवजी चित्रातून विचारण्याची ही रीत पुढे सर्वत्र रूढ झाली. त्यांच्या आलेखात ऑगस्ट २०११ मधील आयरीन आणि ऑक्टोबर २०१२ मधील सँडी या वादळांच्या वेळच्या घसरणी ठळक दिसतात.

त्याच शोधनिबंधातील एक चित्र अधिक बोलके आहे. १ मे २०११ च्या सकाळी ८ ते १० या वेळेत मॅनहॅटनमधील सिक्स्थ अॅव्हेन्यू हा गजबजलेला रस्ता नकाशावर जवळजवळ कोरा आहे. दोन्ही बाजूंच्या रस्त्यांवर बिंदूंची दाटी आणि मध्ये एक पांढरी चीर. त्या रविवारी फाइव्ह बरो बाइक टूर या वार्षिक सायकलफेरीसाठी रस्ता वाहनांना बंद होता. म्हणजे नकाशावर जो रस्ता निर्जन दिसतो, त्यावर त्या वेळी हजारो सायकलस्वार होते. डॅशबोर्ड टॅक्सी मोजत होता, माणसे नव्हे.

हाच मुद्दा मोठ्या प्रमाणावरही लागू होतो. पिवळ्या टॅक्सींचा व्यवसाय मुख्यतः मॅनहॅटन आणि विमानतळांभोवती एकवटलेला असे. बाहेरच्या वस्त्यांसाठी २०१३ मध्ये हिरव्या टॅक्सी सुरू झाल्या आणि पुढे ॲपवर बोलावल्या जाणाऱ्या गाड्यांनी मोठा वाटा घेतला. केवळ पिवळ्या टॅक्सींचा दशकभराचा उतरता आलेख पाहून शहरातील प्रवास घटला असे म्हणणे चूक ठरेल. चांगल्या डॅशबोर्डात प्रत्येक आलेखाच्या शीर्षकातच काय मोजले ते लिहिलेले असते. ही बाब तळटीपेत ढकलली की ती कोणी वाचत नाही.

एकत्रीकरण

सर्वसाधारण संगणकाच्या १९२० × १०८० पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात. न्यूयॉर्कच्या २०१३ या एका वर्षातील नोंदी सुमारे १७ कोटी ३० लाख फेऱ्यांच्या होत्या, म्हणजे आरंभ आणि शेवट धरून सुमारे ३४ कोटी ६० लाख बिंदू. पूर्ण पडदा नकाशाला दिला तरी एका पिक्सेलच्या वाट्याला सरासरी १६७ बिंदू येतात. एकावर एक बिंदू ठेवत गेल्यास शंभर फेऱ्यांची जागा आणि लाख फेऱ्यांची जागा सारखीच काळी दिसते. म्हणून बिंदू काढण्यापूर्वी ते मोजावे लागतात.

मोजण्यासाठी शहराचे कप्पे पाडतात. प्रशासकीय विभाग लोकांच्या ओळखीचे असतात, परंतु त्यांचे आकार असमान असतात. विभागांच्या सीमा बदलल्या की त्याच नोंदींतून वेगळा आकृतिबंध निघतो; भूगोलात हा प्रश्न दीर्घकाळ चर्चेत आहे. चौकोनी जाळी संगणकाला सोपी, पण चौकोनाचे चार शेजारी जवळ आणि कोपऱ्यावरचे चार दूर असतात. षट्कोनाचे सहाही शेजारी सारख्याच अंतरावर असल्याने एका कप्प्यातून दुसऱ्यात होणारी हालचाल त्यात अधिक समतोल दिसते. उबर कंपनीने २०१८ मध्ये मुक्त केलेली एच३ ही जाळी याच तत्त्वावर असून तिचे ० ते १५ असे १६ स्तर आहेत. आठव्या स्तरावरील षट्कोनाचे सरासरी क्षेत्रफळ सुमारे ०.७४ चौरस किलोमीटर, तर नवव्या स्तरावर सुमारे ०.१ चौरस किलोमीटर असते. मोठा षट्कोन लहान षट्कोनांत काटेकोर विभागता येत नाही, ही या पद्धतीची उणीव आहे.

कप्पा किती मोठा असावा याला एकच उत्तर नाही. बसथांबा हलवण्याचा निर्णय असेल तर रस्त्याची डावी आणि उजवी बाजू वेगळी दिसायला हवी. नव्या मेट्रोमार्गाची चर्चा असेल तर तितकी बारीक जाळी केवळ गोंधळ वाढवते. ज्या निर्णयासाठी डॅशबोर्ड आहे तो आधी ठरवणे हाच यातला व्यवहार्य मार्ग.

उगम-गंतव्य जोड्यांच्या बाबतीत अडचण वर्गाने वाढते. न्यूयॉर्कच्या नोंदींतील टॅक्सी विभाग २६३ आहेत. त्यांच्या जोड्या ६९,१६९ होतात आणि दिवसाच्या प्रत्येक तासासाठी वेगळ्या धरल्या तर १६,६०,०५६. इतक्या कमानी नकाशावर काढल्या की केसांच्या गुंत्यासारखे चित्र तयार होते. असे चित्र सादरीकरणात प्रभावी वाटते, पण त्यातून एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. फक्त मोठे प्रवाह ठेवले तर वस्तीच्या कडेचे लहान प्रवाह नाहीसे होतात. येणाऱ्यांतून जाणारे वजा केले तर ४०,००० आले आणि ४०,००० गेले अशा गजबजलेल्या स्थानकाचे मूल्य शून्य येते. त्यामुळे वापरणाऱ्याने एक विभाग निवडावा आणि उरलेले विभाग तेथून होणाऱ्या प्रवासाच्या प्रमाणात रंगवावेत, ही साधी रीत बहुतेकदा सर्वांत उपयोगी ठरते.

रंग आणि नकाशा

विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनुसार माणूस सामायिक अक्षावरील स्थान सर्वांत अचूक वाचतो. क्षेत्रफळ आणि रंगाची गडदता यांबाबतचे अंदाज बरेच ढिले असतात. म्हणून नकाशाशेजारी साधा स्तंभालेख ठेवण्याची पद्धत आहे. नकाशाने 'कोठे' सांगावे, स्तंभाने 'किती'.

गतिशीलता विदेत मोजकी ठिकाणे अतिशय मोठी असतात. विमानतळ किंवा मुख्य स्थानक यांच्यामुळे सरळ प्रमाणातील रंगपट्टीत बाकीचे शहर एकाच फिक्या छटेत बुडते. लघुगणकीय प्रमाण किंवा समान संख्येचे गट वापरून हे टाळता येते, मात्र तसे केल्याचे सूचीत लिहिणे आवश्यक असते. इंद्रधनुष्यी रंगपट्टी टाळावी, कारण तिच्यातील पिवळा पट्टा मोठ्या मूल्यापेक्षा अधिक डोळ्यांत भरतो. शिवाय उत्तर युरोपीय वंशाच्या सुमारे ८ टक्के पुरुषांना लाल-हिरव्या रंगांतला भेद नीट ओळखता येत नाही.

जालावरील नकाशांत रूढ असलेल्या मर्केटर प्रक्षेपणात विषुववृत्तापासून दूर जाताना क्षेत्रफळ फुगत जाते. मुंबईच्या अक्षांशावर ही वाढ सुमारे १२ टक्के, तर ६० अंशांवर चौपट होते. एकाच शहरापुरता याचा त्रास नाही. दोन शहरे शेजारी ठेवताना होतो. लोकसंख्येने न भागलेल्या प्रवासाच्या नकाशाचीही गत अशीच आहे. तो बहुतेकदा लोकसंख्येचाच नकाशा असतो.

वेळ

संगणकीय नोंदी बहुधा जागतिक प्रमाणवेळेत साठवतात. भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. जागतिक वेळेनुसार तासांचे कप्पे आधीच पाडले असतील, तर भारतातील प्रत्येक कप्पा साडेआठ ते साडेनऊ, साडेनऊ ते साडेदहा असा अर्ध्यावर तुटतो आणि नऊ ते दहाची गर्दी दोन कप्प्यांत विभागून बोथट होते. पूर्ण तासांचा फरक असलेल्या देशांत घडवलेल्या प्रणाली भारतात आणताना ही बाब ध्यानात घ्यावी लागते. मध्यरात्रीनंतर घरी परतणारा प्रवासी दिनदर्शिकेने दुसऱ्या दिवसाचा असला तरी व्यवहाराने आदल्या संध्याकाळचा असतो; त्यामुळे दिवस पहाटे चारला बदलतो असे मानणारे नियोजक पुष्कळ आहेत. फेरी सुरू झाली त्या तासात मोजायची की संपली त्या, हेही ठरवून लिहावे लागते.

तुलनेची आधारपातळी

'३० टक्के घट' हा आकडा कशाच्या तुलनेत घट, हे सांगितल्याशिवाय निरर्थक असतो. कोविड-१९ च्या साथीत गूगलने ३ एप्रिल २०२० पासून प्रसिद्ध केलेले सामुदायिक गतिशीलता अहवाल हे याचे सर्वपरिचित उदाहरण. किरकोळ दुकाने व मनोरंजन, किराणा व औषधे, उद्याने, सार्वजनिक वाहतुकीची स्थानके, कामाची ठिकाणे आणि निवासस्थाने अशा सहा वर्गांत हालचालीतील बदल टक्केवारीने दाखवला जाई. तुलना ३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२० या पाच आठवड्यांतील त्या-त्या वाराच्या मध्यक मूल्याशी होती. हे अहवाल ऑक्टोबर २०२२ पर्यंत अद्ययावत होत राहिले.

या आधारपातळीत ऋतू आणि सण यांना जागा नव्हती. युरोपातील उद्यानांचा आलेख उन्हाळ्यात उंच चढला, कारण तुलना हिवाळ्याशी होती. भारतात देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस, बुधवार २५ मार्च २०२०, हा गुढीपाडव्याचा दिवस होता. महाराष्ट्रातील कामाच्या ठिकाणांची त्या दिवसाची घसरण साध्या बुधवारांशी तोलली गेली; तिच्यात सुट्टीचा वाटा मिसळलेला आहे. निवासस्थानांचा आलेख भेटींची संख्या न मोजता घरी घालवलेला वेळ मोजत असे. दिवसाचा बराचसा काळ माणूस एरवीही घरीच असल्याने त्यात मोठी वाढ संभवतच नाही. असे असूनही तो आलेख इतर पाच आलेखांच्या शेजारी त्याच मोजपट्टीवर छापला जात होता आणि घाईने पाहणाऱ्याला घरी राहण्यातील बदल क्षुल्लक वाटे. शिवाय हे सारे आकडे ज्यांनी फोनवर स्थान-इतिहास चालू ठेवला होता त्यांचेच होते.

प्रतिसादाचा वेग

डॅशबोर्डातील गाळणी बदलल्यावर चित्र किती लवकर बदलते यावर शोधाची खोली ठरते. झिचेंग लिऊ आणि जेफ्री हीर यांच्या २०१४ मधील प्रयोगात केवळ अर्ध्या सेकंदाच्या जादा विलंबानेही वापरणाऱ्यांचे निरीक्षण आणि शोध कमी झाल्याचे आढळले. यासाठी बेरजा आधीच करून ठेवणे, स्तंभनिहाय साठवण आणि नकाशाच्या तयार टाइल या युक्त्या वापरतात.

खासगीपणा

नाव आणि फोन क्रमांक काढून टाकले की विदा निनावी झाली, हा समज टिकणारा नाही. इव्ह-अलेक्झांडर द माँजोय आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल नोंदी अभ्यासल्या. तासाच्या आणि मनोऱ्याच्या अचूकतेच्या नोंदींतही केवळ चार स्थळ-काळ बिंदू माहीत असतील तर ९५ टक्के व्यक्ती इतरांपासून वेगळ्या काढता येतात, असे त्यांना दिसले. घर, कार्यालय, शाळा आणि शनिवारचा दवाखाना इतके पुरेसे आहे.

न्यूयॉर्कची टॅक्सी विदा या धड्याचेही उदाहरण ठरली. २०१४ मध्ये माहिती अधिकाराच्या कायद्याखाली २०१३ च्या नोंदी बाहेर आल्या तेव्हा टॅक्सीचे परवाना क्रमांक एमडी५ या गणिती प्रक्रियेने झाकलेले होते. पण परवाना क्रमांक ठरावीक साच्याचे असल्याने संभाव्य क्रमांक दोन-अडीच कोटींच्या आतच होते. त्या सर्वांवर तीच प्रक्रिया चालवून मूळ क्रमांक शोधणे साध्या संगणकाला काही मिनिटांचे काम ठरले. त्यानंतर प्रसिद्ध व्यक्तींची टॅक्सीत चढतानाची वृत्तपत्रीय छायाचित्रे आणि नोंदी जुळवून त्या कोठे गेल्या व त्यांनी किती टिप दिली हेही काढण्यात आले. २०१६ पासूनच्या नोंदींत आयोगाने अक्षांश-रेखांश देणे थांबवले आणि केवळ विभागाचा क्रमांक ठेवला. नकाशा वाचता यावा म्हणून जे एकत्रीकरण केले असते, तेच येथे प्रवाशाच्या संरक्षणासाठी करावे लागले. त्याची किंमतही आहे. सिक्स्थ अॅव्हेन्यूवरची ती पांढरी चीर आजच्या विभागनिहाय नोंदींतून दिसणार नाही.

मोठ्या बेरजाही नेहमी सुरक्षित नसतात. व्यायामाच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हा कंपनीने नोव्हेंबर २०१७ मध्ये १०० कोटी व्यायामनोंदींचा जागतिक हीटमॅप प्रसिद्ध केला. शहरांत तो केवळ उजळ धुके होता. परंतु जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका विद्यार्थ्याने दाखवून दिले की सिरिया, अफगाणिस्तान यांसारख्या देशांतील अंधाऱ्या भागात सैनिकांच्या धावण्याच्या वाटांनी लष्करी तळांच्या बाह्यरेषा उमटल्या आहेत. वापरणारे विरळ असतील तेथे बेरीज कोणालाही लपवत नाही.

यावर उपाय म्हणून ठरावीक संख्येपेक्षा लहान कप्पे रिकामे ठेवतात किंवा डिफरन्शियल प्रायव्हसी या पद्धतीने आकड्यांत मोजून-मापून यादृच्छिक फरक मिसळतात. गूगलच्या उपरोक्त अहवालांत ही पद्धत वापरली होती. परस्परसंवादी डॅशबोर्डात धोका छापील तक्त्याहून अधिक असतो. एका विभागातून पहाटे निघालेल्या प्रवाशांची संख्या ३७ दिसली आणि 'ज्येष्ठ नागरिक वगळा' ही गाळणी लावल्यावर ३६ झाली, तर त्या एका ज्येष्ठ प्रवाशाविषयी पुढचे सारे प्रश्न त्याच वजाबाकीने विचारता येतात. प्रत्येक स्वतंत्र आकडा मर्यादेच्या वर असूनही हे घडते. त्यामुळे गाळण्या किती आणि कोणत्या द्यायच्या हाही खासगीपणाचाच निर्णय असतो.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ च्या निकालात खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा ज्या विदेवरून व्यक्ती ओळखता येते तिला व्यक्तिगत विदा मानतो. चार बिंदूंचा निष्कर्ष लक्षात घेता नाव नसलेली मार्गरेषा या व्याख्येत कितपत येते, हा प्रश्न नगरपालिका आणि कंपन्या या दोघांपुढेही आहे.

भारतातील स्थिती

दिल्ली सरकारने इंद्रप्रस्थ माहिती तंत्रज्ञान संस्थेच्या सहकार्याने २०१८ मध्ये बसची वेळापत्रके आणि प्रत्यक्ष स्थाने खुली केली. उबरच्या मूव्हमेंट या संकेतस्थळावर मुंबई, दिल्ली, बंगळूर आणि हैदराबाद येथील प्रवासवेळांची विभागनिहाय सरासरी उपलब्ध होती. २०२३ मध्ये ती सेवा बंद झाली. खासगी कंपनीच्या विदेवर सार्वजनिक नियोजनाचा डॅशबोर्ड उभारण्यातील जोखीम त्यातून दिसते.

मुंबईचे चित्र विशेष विषम आहे. वर्सोवा ते घाटकोपर ही जून २०१४ मध्ये सुरू झालेली मेट्रो मार्गिका सुमारे ११.४ किलोमीटरची असून तिच्या प्रत्येक प्रवाशाचे आत जाणे आणि बाहेर पडणे स्वयंचलित दारांवर नोंदले जाते. उपनगरी रेल्वेचा प्रवासी त्याहून कितीतरी पटींनी अधिक आहे, परंतु तेथे अशी दारे नाहीत आणि मोठा वर्ग मासिक किंवा त्रैमासिक पासावर प्रवास करतो. पास कोणत्या दोन स्थानकांदरम्यान काढला हे कळते. धारक त्या दिवशी गेला का, किती वाजता गेला, डोंबिवलीचा पास असून ठाण्याला उतरला का, याची नोंद कोठेच होत नाही. जमलेल्या इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या प्रमाणात मुंबईचा नकाशा काढला, तर अंधेरी-घाटकोपर पट्टा झळाळेल आणि विरार, कल्याण, पनवेलच्या दिशा फिक्या पडतील. नोंदींच्या अभावी रिकामा राहिलेला भाग आणि खरोखर प्रवास नसलेला भाग यांना वेगवेगळ्या खुणा, उदाहरणार्थ तिरक्या रेघा आणि पांढरा रंग, देणे अशा शहरात अपरिहार्य ठरते.

देशभरासाठी तुलना करता येईल असा स्रोत म्हणजे २०११ ची जनगणना. तिच्यात कामाच्या ठिकाणाचे अंतर आणि तेथे जाण्याचे साधन विचारले होते. पायी चालणे आणि सायकल हे पर्यायही त्यात होते. मात्र हा प्रश्न शेती आणि घरगुती उद्योग यांखेरीज इतर कामांत असलेल्या व्यक्तींनाच लागू होता. मुलांना शाळेत सोडणे, बाजार, दवाखाना, पाणी आणणे यांसाठी होणारा प्रवास त्या तक्त्यांत येत नाही.